चौकशांचा रकाना

‘बाई, तुम्ही फार ठिकाणी विचारलंत,’ पाचव्या बँकेतला कर्जअधिकारी म्हणाला, आणि म्हणताना हसला. त्या हसण्यात त्याचा वरचा डावा सुळा दिसला. खोटा होता, आणि शेजारच्या दातांपेक्षा रंगानं थोडा गडद. कुणीतरी दिव्याखाली रंग जुळवला असणार, असं तिच्या मनात आलं, आणि मग त्याचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. तीस-बत्तीस वर्षं माणसांच्या कवळ्या करत आल्यामुळे तिचं असंच व्हायचं. आधी तोंड दिसायचं, बोलणं मागाहून ऐकू यायचं. ‘म्हणजे?’ तिनं विचारलं. ‘म्हणजे असं बघा,’ त्यानं पडदा तिच्याकडे वळवला, पण अर्धाच, ‘घराच्या कर्जासाठी तुम्ही ज्या ज्या बँकेत अर्ज केलात, त्या प्रत्येक बँकेनं तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवला. मागवला की तिथं नोंद होते. तीन आठवड्यांत चार नोंदी, आणि ही आता माझी पाचवी. एकदम एवढ्या चौकशा दिसल्या की वाटतं, हे माणूस पैशासाठी दारोदार फिरतंय, काहीतरी अडलेलं आहे. मग स्कोअर उतरतो. तुमचा सातशे अठ्ठेचाळीस होता. आता सातशे नऊ आहे. आमच्याकडे सातशे तीसच्या खाली होत नाही.’ ‘पण मी कुणाचं कर्ज घेतलेलंच नाही. नुसतं विचारलं.’ ‘तेच सांगतोय ना,’ तो समजुतीनं म्हणाला, ‘विचारलंत.’

वाईट माणूस नव्हता तो. त्यानं तिला पाणी मागवलं, आणि जाताजाता एक सल्लाही दिला, की स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढून बघितला तर काही उतरत नाही, तेवढं बघून ठेवा. आणि मग सहा महिने गप्प बसा, कुठं म्हणजे कुठं विचारू नका. सहा महिने! घरमालकानं तिला या महिन्याच्या तीस तारखेपर्यंतचा वेळ दिला होता, आणि आज बारा तारीख होती. ती बँकेच्या पायऱ्या उतरली. उन्हात उभी राहिली. हातातली प्लास्टिकची फाइल तिनं छातीशी धरली होती, शाळेतल्या मुली पाटी धरतात तशी, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं ती काखेत मारली. रस्त्यावरून माणसं जात होती आणि त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की या बाईचा आकडा आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, खुर्चीत बसल्या बसल्या खाली आला आहे. तिला उगाचच गालांवरून हात फिरवावासा वाटला. काही उतरलं असलं तर हाताला लागेल म्हणून.

विचारायला काय पैसे पडतात का, असं तिची आई म्हणायची. आई बाजारात गेली की प्रत्येक दुकानाशी थांबायची. घ्यायचं काही नसलं तरी भाव विचारायची. कापडाचा, पितळेच्या डब्याचा, खिडकीला लावायच्या काचेचा, एकदा तर चक्क पियानोचा. त्या दुकानदारानं आईच्या पायातल्या शिवलेल्या चपलेकडे बघितलं, आणि तरी भाव सांगितला, कारण आईची विचारण्याची पद्धतच अशी होती की समोरच्याला आपण परीक्षेला बसलोय असं वाटावं. वडील चार पावलं पुढं जाऊन, मान दुसरीकडे करून उभे असत. ‘घ्यायचं नाही तर विचारतेस कशाला? लाज वाटते.’ ‘तुम्हाला वाटते ना, मग तुम्ही वाटून घ्या. मला माहिती पाहिजे.’ आणि घरी आल्यावर आई जेवण वाढताना सांगायची, की पियानो आपल्या चौदा महिन्यांच्या पगाराला पडतो, जणू पंधराव्या महिन्यात तो घ्यायचाच आहे. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. बरं झालं, आई, तुझ्या काळात असं कुणी लिहून ठेवत नव्हतं, असं ती उन्हात उभी राहून मनातल्या मनात म्हणाली. तुझा आकडा पाताळात गेला असता.

चालत ती घरी आली. घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मागची राहायची, पुढची कामाची. गेली सव्वीस वर्षं ती तिथं भाड्यानं राहत होती, आणि दर महिन्याच्या एक तारखेला भाडं रोख, हातात, मालकीणबाईंच्या. मालकीणबाई गेल्या आणि त्यांच्या मुलाला दोन खोल्या विकायच्या होत्या. त्यानं आधी तिलाच विचारलं, हा त्याचा चांगुलपणा. पण गिऱ्हाईक दुसरंही तयार होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला कवळ्या करणाऱ्या भाडेकरूची गरज नव्हती. किमतीच्या तीन हिश्शांपैकी एक हिस्सा तिच्याकडे साठलेला होता. उरलेले दोन हिस्से हवे होते. दुसरीकडे कुठं खोल्या मिळाल्या नसत्या असं नाही. पण पुढच्या खोलीची ती उत्तरेकडची खिडकी! त्या खिडकीतून सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत एकसारखा, सावली न टाकणारा, दुधासारखा उजेड येई. दाताचा रंग असल्याच उजेडात जुळतो. दिव्याखाली सगळेच दात छान दिसतात, आणि मग माणूस दारात जाऊन हसला की कळतं. या गल्लीत तिला सगळे कवळीवाल्या बाई म्हणत, आणि लांबच्या दवाखान्यांतूनसुद्धा साच्यांचे डबे तिच्याकडे येत, ते त्या खिडकीमुळे, असं तिचं मत होतं. बाकीच्यांच्या मते ते तिच्या हातामुळे. हात काय, कुठंही नेता आला असता.

दोन खोल्यांत तिनं दुसरं कुणी आणलं नाही. लग्न झालं होतं, मोडलं होतं, आणि ते ती कुणापासून लपवत नसे. फाइल टेबलावर ठेवून तिनं एप्रन बांधला, आणि सकाळी घालून ठेवलेला प्लास्टरचा साचा सोडवायला घेतला. एका निवृत्त शाळामास्तरणीचा खालचा जबडा. हिरड्या झिजून सपाट झालेल्या. असल्या तोंडात कवळी टिकवायची म्हणजे ओल्या फरशीवर बशी उभी करण्यासारखं. तिनं नखानं कड तपासली. ठीक होती. तरी तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि दुसरा साचा घ्यायला सांगितलं. ‘अहो, नीट आलाय की तो,’ डॉक्टरीणबाई कातावल्या. ‘आलाय. पण एकच आहे.’ ‘तुम्ही फार साचे मागता हो बाई! दुसरीकडे देते मी, तर एकावर करून देतात.’ ‘आणि परत किती येतात?’ ‘बरं. उद्या बोलावते त्यांना.’

ही तिची सवय नव्हती, शिकवण होती. ज्या म्हाताऱ्या मास्तरांच्या हाताखाली ती शिकली, ते एका साच्यावर कधी काम करू देत नसत. माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हा घाबरलेला असतो, मास्तर म्हणायचे, गाल आवळून बसतो. तो साचा त्याच्या तोंडाचा नसतो, भीतीचा असतो. दुसऱ्यांदा तो तुम्हाला खूश करायला बघतो. तिसऱ्यांदा कंटाळतो, आणि तेव्हा त्याचं खरं तोंड मिळतं. तीन साचे शेजारी ठेवायचे आणि तिन्हींत जे सारखं असेल तेवढंच खरं धरायचं. ती शिकायला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती, हातात एक बॅग आणि बोटात अंगठी काढल्याचा पांढरा वळ. मास्तरांनी तिला काही विचारलं नाही, हे तेव्हा तिला फार मोठं वाटलं होतं. नंतर नंतर वाटायला लागलं, विचारलं असतं तरी चाललं असतं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

तर या शिकवणीनं तिनं बँका केल्या. यात काही चूक आहे असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पहिल्या बँकेनं तर जवळजवळ हो म्हटलं होतं. घरातला एखादा पुरुष सहअर्जदार आणा, एवढंच. ती म्हणाली, विचार करून सांगते, आणि दुसरीकडे गेली. पहिल्या साच्यावर कोण काम करतं? दुसऱ्यांनी तीन वर्षांची आयकराची कागदपत्रं चाळून ‘तुमचा धंदा म्हणजे नक्की काय?’ असं विचारलं, आणि तिनं सांगितल्यावर तिथल्या बाईंनी नकळत ओठ मिटून घेतले. तिसरीकडचं आता तिला आठवतही नव्हतं, फक्त तिथल्या खुर्च्या आठवत होत्या, बसलं की हुस्स करणाऱ्या. चौथीचं व्याज ऐकून तीच उठली होती. मग ती परत पहिल्या बँकेत गेली, तर तिथं खांदे उडवले गेले. ते तेव्हाचं होतं, म्हणाले, आता स्कोअर उतरलाय. कशानं उतरला ते तिथं कुणी सांगितलं नाही. म्हणून पाचवी. प्रत्येक ठिकाणी तिनं आठ आठ, दहा दहा सह्या केल्या होत्या, कुठं ‘इथं’, कुठं ‘आणि इथं’, आणि त्या बारीक अक्षरांत कुठंतरी लिहिलेलं असणार, की आम्ही तुमच्याबद्दल विचारू. त्यांनी विचारलेलं, आणि नोंद हिच्या नावावर!

दुसऱ्या दिवशी तिनं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून स्वतःचा रिपोर्ट काढला. आठ पानं. झेरॉक्सवाला म्हणाला, ‘बाई, पाठपोट मारू का? पैसे वाचतील.’ ‘नको. एकेका बाजूला येऊ दे. मी पहिल्यांदाच भेटतेय त्यांना.’ त्याला काही कळलं नाही. उत्तरेच्या खिडकीशी बसून तिनं ती आठ पानं वाचली, पहिल्या ओळीपासून, जसं एखाद्याचं आलेलं पत्र वाचावं. आपल्याबद्दल कुणी एवढं लिहून ठेवलंय हे पहिल्यांदा जरा बरंच वाटलं. दुसऱ्या पानावर पत्ते होते. तीन. पहिला, हा. दुसरा, मास्तरांच्या घरामागच्या खोलीचा. आणि तिसरा वाचताना तिचा हात कागदावरून उचलला गेला, तव्यावरून उचलावा तसा. बत्तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या सासरचा पत्ता होता तो. घर क्रमांकासकट. जुन्या खात्यावरून कुणीतरी उचलून पुढं नेला असणार. तिच्या माहेरी त्या घराचं नाव काढायची बंदी होती, भावानं लग्नाचे फोटो कधीच जाळून टाकले होते, आणि इथं ते घर, तिच्या नावाखाली, व्यवस्थित टाइप होऊन बसलं होतं.

त्या घरात जेवणाचं टेबल लांब होतं आणि सासऱ्यांच्या उजव्या हाताला पाण्याचा तांब्या असे. ती तेव्हा एका दवाखान्यात नोंदवहीवर बसायची, आणि पगार झाला की पाकीट न उघडता त्या तांब्याशेजारी ठेवायची. चार वर्षं ठेवलं. मग एका दुपारी, काही कारण नाही, भांडण नाही, तिनं जेवताना विचारलं, ‘माझ्या पगाराचं काय होतं?’ तिला खरंच फक्त माहिती हवी होती. सगळे हात थांबले. नवरा म्हणाला, ‘या घरात बायका असलं विचारत नाहीत.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. फळीवरची वस्तू आपणहून बोलावी तसं. पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यात पाकीट घेऊन ती थेट माहेरी गेली. माहेरी वडील म्हणाले, एवढंसं विचारायचं होतं कशाला? आईनं तिची बॅग उचलून आत नेली, आणि बॅग जड आहे का हलकी आहे हे बघावं तशी एकदा वर-खाली केली. तेवढंच. या आठ पानांत त्या घराचा नंबर होता, पण ती तिथून का निघाली यासाठी कुठलाही रकाना नव्हता. आणि सव्वीस वर्षांच्या भाड्याला? तीनशे बाराच्या वर महिने होतात, एकही चुकवला नव्हता. तिनं पानं पुन्हा उलटली. भाडं कुठंच नव्हतं. जे तिनं रोख, वेळेवर, मान ताठ ठेवून दिलं ते यांच्या दृष्टीनं दिलंच नव्हतं.

जे होतं ते एवढं. अकरा वर्षांपूर्वी दात भाजायची भट्टी घ्यायला काढलेलं छोटं कर्ज, छत्तीस हप्ते, छत्तीस चौकोन. पस्तीस चौकोनांत शून्यं. एकात चौतीस. म्हणजे चौतीस दिवस उशीर. तिनं त्या चौकोनावर बोट ठेवलं, आणि तिच्या नाकात त्या हॉस्पिटलच्या फिनेलचा वास आला. आईचं कमरेचं हाड मोडलं होतं, मग ताप, मग छाती भरली. भाऊ परगावी होता, त्याची बदली नवी, रजा मिळत नव्हती, रोज संध्याकाळी फोन करून रडायचा. ती पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसायची. शेवटी शेवटी आईच्या बोलण्यात मेळ राहिला नव्हता, पण विचारणं चालूच होतं. नर्स आली की आई विचारायची, ‘हे सलाइन कितीला पडतं?’ डॉक्टर आले की, ‘तुम्हाला किती देतात हो?’ आणि एकदा, तिच्याकडे अगदी परक्या बाईकडे बघावं तसं बघून, ‘तुमची आई आहे का?’ ती म्हणाली, ‘आहे की.’ त्या महिन्यात हप्ता राहिला. पुढच्या महिन्यात तिनं दोन्ही मिळून भरले, दंडासकट, आणि विसरून गेली. यांनी नव्हतं विसरलं. चौतीस. एवढ्याशा चौकोनात आईचे ते सगळे दिवस बसवले होते, आणि त्याचा अर्थ, या बाईवर भरवसा ठेवताना जरा जपून, असा काढला होता. इतका वेळ तिला लाज वाटत होती. अपमानाची एक बारीकशी कणी, दातात अडकल्यासारखी. आता ती कणी निघाली आणि तिच्या जागी चीड आली. चीड बरी. चीड असली की हात थरथरत नाहीत.

शेवटच्या पानावर तो चौकशांचा रकाना. पाच ओळी, पाच तारखा. तिनं कामाची लाल पेन्सिल घेतली आणि प्रत्येक तारखेपुढे त्या त्या बँकेत काय झालं ते लिहून काढलं. कशासाठी, ते तिला माहीत नव्हतं. कागद कोरा राहिला की हे लोक आपल्या मनचं वाचतात, एवढं तिला दिसत होतं.

रविवारी दुपारी भाऊ आला. आता निवृत्त झालेला, पोट सुटलेला, जिन्याला धापा टाकणारा. तिनं चहा टाकला. त्यानं रिपोर्ट हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला, आणि ‘अरे देवा’ म्हणाला. ‘पाच? अगं, पाच-पाच बँका? लग्नाला मुलगा एक बघितलास, आणि कर्जाला पाच बँका!’ ‘एकच बघितला ना दादा, म्हणूनच पाच बघितल्या.’ तो हसला. चहा सांडेपर्यंत हसला, आणि मग बशीतला चहा पिताना गंभीर झाला. ‘ऐक. मी घेतो. माझ्या नावावर. माझा स्कोअर आठशेच्या वर आहे, पेन्शन आहे, वहिनीचीही ना नाही. हप्ता तू भर मला, वाटेल तसा. राहायचीस तू इथंच. तुला कोण काढतंय?’ ‘तू नाही काढणार.’ ‘मग?’ ‘तुझ्यानंतर?’ ‘माझ्यानंतर तुझा भाचा आहे. तो काय आत्याला बाहेर काढेल?’ ‘नाही काढणार. पण मी त्याला विचारून खिडकीला रंग द्यायचा, असं होईल.’ ‘दे ना रंग! कसला पाहिजे तो दे!’ त्याचा आवाज चढला. ‘सगळ्या गोष्टीत तुझं हे असंच. माणसानं हात पुढं केला की तू आधी नखं बघतेस.’

तिला ते लागलं, कारण ते खरं होतं. भाऊ तिच्यावर माया करायचा. आईच्या वेळी येता आलं नाही हे त्याला अजून बोचायचं, आणि तेव्हापासून तो तिला काही ना काही देऊ बघत होता. पंखा, मोबाइल, एकदा गुडघ्याला लावायचं यंत्र. ते ती घ्यायची. पण घर हे यंत्र नव्हे. तिनं त्या रिपोर्टकडे बघितलं. आठ पानं, आणि त्यांतला प्रत्येक पत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा. ‘दादा, तू नाही म्हणालास असं मी कुणाला सांगणार नाही,’ ती म्हणाली, ‘आणि मी नाही म्हणाले असं तू सगळ्यांना सांग. पण मला हे माझ्या नावावर पाहिजे.’ ‘आणि नाही मिळालं तर?’ ‘तर नाही मिळालं.’ ‘रस्त्यावर येशील!’ ‘आईच्या खोलीत येईन तुझ्याकडे, पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी दुसरं बघीन.’ त्यानं कपाच्या कानात बोट घालून कप फिरवला. मग म्हणाला, ‘सहावी कुठली बँक आहे?’ विचारलं अशा थाटात, की जणू त्याला त्यात काही रस नाही.

सहाव्या बँकेच्या शाखेत व्यवस्थापक बाई होत्या. पन्नाशीच्या, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, टेबलावर फायलींच्या मधे थंड झालेला चहा. खालचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, स्वतःचे. तिला ते आवडले. तिनं खुर्चीत बसायच्या आधीच आठ पानं समोर ठेवली. ‘हे आधी बघा. मी स्वतः काढलाय. यात पाच बँकांनी विचारलेलं आहे, मीच जाऊन विचारायला लावलं. चौतीस दिवसांचा एक उशीर आहे. खोटं काही नाही. हे बघून नको वाटत असलं तर आत्ताच सांगा, म्हणजे सहावी नोंद वाचेल.’ व्यवस्थापक बाईंनी पानं चाळली. लाल पेन्सिलीशी आल्या तेव्हा थांबल्या. ‘“खुर्च्या हुस्स करतात” हे काय आहे?’ ‘तिथलं एवढंच आठवतंय.’ बाईंनी ओठ दाबून धरले, पण डोळे हसले. मग त्यांनी खूप प्रश्न विचारले. महिन्याला किती कवळ्या, किती परत येतात, कुठल्या दवाखान्यांचे डबे, भाडं कधीपासून, पावत्या आहेत का. पावत्या होत्या. सव्वीस वर्षांच्या, वर्षावर्षाचे गठ्ठे, मालकीणबाईंच्या तिरक्या सहीच्या. बाईंनी त्यांतला एक गठ्ठा उचलून नुसता हातात धरला. ‘यांचा स्कोअरमध्ये उपयोग नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मला माहीत आहे.’ ‘पण मला उपयोग आहे. बरं. तुमचा कागद मला चालत नाही, मला माझा काढावा लागेल. आकडा उतरेल आणखी पाच-सहा.’ ‘काढा.’ ‘नक्की?’ ‘उतरू दे. खाली माझा पाय जमिनीला लागलेला आहे.’

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरलं. ती या वेळी बघत राहिली, आकडा उतरताना काही आवाज होतो का म्हणून. काही झालं नाही. सातशे चार. ‘सहअर्जदार?’ बाईंनी विचारलं. ‘कुणी नाही.’ ‘नवरा?’ ‘नाही.’ ‘भाऊ वगैरे?’ ‘भाऊ आहे. अर्जात नाही.’ बाईंनी मान वर करून तिच्याकडे एकदा नीट बघितलं, आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. मग कितीतरी वेळ त्या आकडेमोड करत राहिल्या. मुदत आठच वर्षांची, वय बघता. व्याज अर्धा टक्का चढं. हप्ता जड. तिनं मनातल्या मनात हप्त्याला कवळीनं भागलं. महिन्याला सहा जास्त कराव्या लागतील, म्हणजे रविवार गेले. जाऊ देत. रविवारी तसाही दादाच यायचा, तो काय, बसेल समोर चहा घेऊन. ‘माझी शिफारस मी देते,’ बाई म्हणाल्या, ‘पण मंजुरी वरून येते. आणि वर एक गोष्ट लागेल. एवढ्या चौकशा असल्या की अर्जदाराचा खुलासा जोडावा लागतो, लेखी. एका महिन्यात इतक्या ठिकाणी अर्ज का केला, म्हणून. हा नमुना आहे. खाली सही केलीत की झालं.’

तिनं नमुना वाचला. ‘मला नियमांची माहिती नसल्यामुळे माझ्याकडून अनवधानानं एकापेक्षा जास्त बँकांत अर्ज केले गेले. याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असं होणार नाही.’ बाईंनी पेन पुढं केलं. तिनं पेन घेतलं. खरं तर सोपं होतं. अनवधान हा शब्दसुद्धा छान होता, मऊ, तापवलेल्या मेणासारखा. कुणाच्याही तोंडात बसला असता. सही केली असती तर तिची खिडकी तिला मिळण्याची शक्यता बरीच वाढली असती, हे तिला स्पष्ट कळत होतं. तिनं तो कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथं तिनं सावकाश, शाळेत घालून दिलेल्या वळणाचं अक्षर काढत लिहिलं: ‘मला घर घ्यायचं होतं, म्हणून मी पाच ठिकाणी विचारलं. सगळं जाणूनबुजून, पूर्ण शुद्धीवर विचारलं. घर ही तपासून घेण्याची वस्तू आहे. यात दिलगीर होण्यासारखं मला काही दिसत नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर पुन्हा विचारीन.’ खाली सही केली. नाव पूर्ण लिहिलं, माहेरचं.

व्यवस्थापक बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. मग काढून वाचलं. ‘अहो बाई,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘हे असं नसतं लिहायचं. वरच्या लोकांना दिलगिरी बघायची सवय असते. ते नाही म्हणतील. नुसत्या एवढ्यावरून नाही म्हणतील. तीस तारीख आलीय तुमची.’ ‘म्हणू देत,’ ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. ‘पण नाही म्हणायच्या आधी त्यांना हे वाचावं लागेल ना?’ ‘वाचावं तर लागेल.’ ‘मग झालं.’ बाहेर कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. बाईंनी कागदाला भोकं पाडली, तो फायलीत सगळ्यात वर लावला, दिलगिरीची बाजू आत आणि तिची बाजू बाहेर, आणि शिक्का मारला. शिक्का जरा जोरात मारला. ‘शुक्रवारी कळवतात,’ त्या म्हणाल्या. ‘हो म्हणा, नाही म्हणा, मी स्वतः फोन करीन.’

ती बाहेर आली. दुपारचे तीन वाजत आले होते. घाई केली तर शाळामास्तरणीच्या दातांचा रंग आजच जुळवता आला असता. रस्ता ओलांडायला ती कडेला थांबली, आणि गाड्या जाण्याची वाट बघता बघता तिची नजर समोर गेली. पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या वर, आणखी एका बँकेची पाटी होती. ही तिनं यापूर्वी कधी बघितली नव्हती. तिनं डोळे बारीक करून पाटीखालची वेळ वाचली. दहा ते चार. शनिवारी अर्धा दिवस.